बिबटेरावांचं बोट

बिबटेरावांनी उभ्या आयुष्यात बिबट्या पाहिला नव्हता. एवढी एक गोष्ट सोडली, तर बिबट्याबद्दल त्यांना ठाऊक नाही असं काहीच नव्हतं. तो कधी निघतो, कुठल्या फांदीवर दुपारची डुलकी काढतो, माणसाकडे कसा बघतो आणि का बघतो, हे सगळं ते इतक्या ठामपणे सांगत की खुद्द बिबट्याने ऐकलं असतं तर त्यालाही आपल्या वागण्यात सुधारणा करावीशी वाटली असती.

आईबापांनी ठेवलेलं त्यांचं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गल्लीने त्यांना बिबटेराव केलं, आणि त्यांनीही ते नाव एखादी पदवी मिळावी तसं मान ताठ करून स्वीकारलं.

समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या मागे एक बोळ होता. तिथे एका गाळ्यात ते जिथे गाइड होते त्या सफारी कंपनीचं ऑफिस होतं. खाऱ्या हवेने शटरला गंज चढलेला, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि भिंतभर एक जबडा वासलेला बिबट्या. तो फोटो मुळात बिबट्याचा नाहीच, दुसऱ्याच कुठल्या तरी खंडातल्या प्राण्याचा आहे, असं एका गिऱ्हाइकाने एकदा निदर्शनास आणलं होतं. मालक म्हणाला, “ठिपके मोजायला आलात की जंगल बघायला?” गिऱ्हाईक गप्प बसलं. या धंद्यात गिऱ्हाइकाला गप्प बसवणं फार महत्त्वाचं, आणि त्यात बिबटेरावांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांची पद्धत अशी. पहाटे हॉटेलांच्या दारातून मंडळी गोळा करायची. कालपर्यंत पोहण्याच्या चड्डीत वाळूत लोळणारी ही माणसं आज डोक्यापासून पायापर्यंत मातकट कपड्यांत येत. खिसे इतके की एकाच्याही उपयोगाची वस्तू जवळ नसे. दोन-अडीच तासांनी जंगल लागलं की ती एकदम कुजबुजू लागत आणि कुजबुजत वेफर्सची पाकिटं फोडत. बिबटेराव ड्रायव्हरशेजारच्या सीटवर उलटे बसत, पाठ रस्त्याकडे आणि तोंड गिऱ्हाइकांकडे. वाटेत हरणं दिसत, रानडुकरं दिसत, निळ्या पंखांचे एकाहून एक सुंदर पक्षी दिसत. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. मंडळींना बिबट्या हवा असायचा. पूर्ण पैसे भरलेले असायचे.

मग सगळे कंटाळून पेंगायला लागले की बिबटेराव अचानक डावा हात वर करत. ड्रायव्हर कचकन ब्रेक दाबून इंजिन बंद करी. बिबटेराव हळूहळू उभे राहत, उजवं बोट एखाद्या दाट झाडोऱ्याकडे रोखत आणि श्वास धरत. “श्श्श.” ते कधीही ‘बिबट्या’ असं म्हणत नसत. खोटं बोलायचं नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. ते फक्त म्हणत, “ते बघा.” थोड्या वेळाने खांदे खाली टाकत आणि म्हणत, “गेला.” शेवटी प्रश्न येई, “कोणाकोणाला दिसला?”

पहिले काही क्षण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मग कोणीतरी एक, बहुतेक सगळ्यात महागडी दुर्बीण घेऊन आलेला, म्हणे, “शेपटी दिसली मला.” एकदा शेपटी निघाली की मागोमाग बाकीचा प्राणी निघायला वेळ लागत नाही. दुसऱ्याला पाठ दिसलेली असे, तिसऱ्याला डोळे. ज्याला काहीच दिसलं नव्हतं तो स्वतःवरच खट्टू होऊन जेवणापर्यंत कशीबशी कळ काढी आणि उकडलेलं अंडं सोलता सोलता सांगून टाकी की त्यालाही हालचाल जाणवली होती. संध्याकाळी हॉटेलात परतेपर्यंत त्या बिबट्याला दोन पिल्लं झालेली असत.

हे गिऱ्हाइकांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण बिबटेराव हा बिबट्या घरीही घेऊन येत. गल्लीतल्या पोरांना त्यांच्या दंडावरच्या व्रणाची गोष्ट तोंडपाठ होती. तो व्रण ऑफिसच्या शटरचा होता, पण शटरची गोष्ट कोण ऐकणार? घरात पंखा कुठे लावायचा, मुलीने काय शिकायचं, भाडेकरार किती वर्षांचा करायचा, कुठल्याही वादात ते शेवटी म्हणत, “अगं, जो माणूस बिबट्यासमोर उभा राहिलाय त्याला तू हे सांगतेस?” बायको मग गप्प बसे. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागात दिवसभर चादरींना इस्त्री करून ती घरी येई. वाद घालायला अंगात त्राणही नसे. तिने नवऱ्याच्या गोष्टी पंचवीस वर्षं ऐकल्या होत्या. कंपनी घरच्यांना सवलत देते हेही तिला माहीत होतं. ती कधीतरी म्हणे, “मलाही न्या ना एकदा.” बिबटेराव म्हणत, “तुला गाडी लागते.” तिला गाडी कधीच लागली नव्हती. पण इतक्यांदा ऐकल्यावर तिलाही वाटायला लागलं होतं की लागत असावी.

असा सगळा सुखाचा संसार चालू असताना साडू आले.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात त्यांची हयात गेली होती. दुकान जळून खाक झालेल्या माणसाला “काडी कुठल्या खिशात होती?” असं शांतपणे विचारणारा हा गृहस्थ. निवृत्त झाले, तरी खोड गेली नव्हती. चहा प्यायला बसले तरी कपात पाहून “साखर खरंच घातलीय ना?” असं विचारत. चार दिवस समुद्राची हवा खायला म्हणून आले आणि पहिल्याच संध्याकाळी, बिबटेराव व्रणाच्या गोष्टीत ऐन भरात असताना, त्यांनी विचारलं, “किती फुटांवर होता?”

“असेल दहा-बारा.”

“दहा की बारा? आणि वारा कुठून होता?”

वारा कुठून होता हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडूंनी बिबटेरावांच्याच कंपनीत जाऊन परवाच्या सफारीची तीन तिकिटं काढली. तिसरं मेहुणीबाईंचं, म्हणजे बिबटेरावांच्या बायकोचं. “अहो, हिला गाडी लागते,” बिबटेराव म्हणाले. “गोळी आणलीय,” साडू म्हणाले. बायकोने काही न बोलता हॉटेलात रजा टाकली आणि कपाटातली ठेवणीतली चप्पल बाहेर काढली. ती भलतीच खूश दिसत होती. गिऱ्हाइकं काय, संध्याकाळी विमानात बसून जातात. बायको रोज समोर बसणार होती. तिच्यापुढे एकदा उघडे पडलो की पुढचं सगळं आयुष्य नुसतं शटर लागलेला माणूस म्हणून काढावं लागणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

ठरल्या पहाटे जीप निघाली. पुढच्या रांगेत साडू, नवीकोरी दुर्बीण गळ्यात. शेजारी थोरली मेहुणी, जिने बसल्याबसल्या डोळे मिटले ते गाडी थांबल्याखेरीज उघडायचे नाहीत असं ठरवूनच आलेली. मधल्या रांगेत एक नवविवाहित जोडपं, जे दिवसभर फक्त स्वतःचेच फोटो काढणार होतं, आणि एक दाढीवाला, ज्याच्या कॅमेऱ्याला ठिपक्यांचा अंगरखा शिवलेला होता. मागच्या रांगेत बिबटेरावांची बायको एकटी, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. तिला गाडी लागली नाही. ती वाऱ्याला तोंड देऊन बसली होती आणि प्रत्येक हरणाकडे बघून हसत होती. बिबटेरावांना त्या हसण्याचा राग यायला लागला.

सकाळी त्यांनी नेहमीच्या वळणावर हात वर केला. ब्रेक, शांतता, बोट, “ते बघा.” मग “गेला.” मग प्रश्न.

“शेपटी होती,” दाढीवाला म्हणाला.

“फोटो दाखवा,” साडू म्हणाले.

दाढीवाल्याने कॅमेरा अंगरख्यात गुंडाळला. “फार पटकन गेली ना.”

“मला काही दिसलं नाही,” साडू म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी अशा सुरात उच्चारलं की आजवर किती दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळालं असेल याची बिबटेरावांना कल्पना आली. जोडप्यानेही माना हलवल्या; काही दिसलं नाही म्हणायला आज धीर आला होता. दुपारी नदीकाठी पुन्हा एकदा प्रयोग झाला आणि पुन्हा पडला. ड्रायव्हरने जेवताना हळूच म्हटलं, “बिबटेराव, आज राहू द्या.” हा ड्रायव्हर त्यांच्याबरोबर किती वर्षं होता कोण जाणे. त्यांच्यात फार पूर्वी एक करार झाला होता. बोट वर गेलं की ड्रायव्हरने तोंड मिटायचं, काहीही झालं तरी. तो करार त्याने आजवर अक्षरशः पाळला होता.

“राहू द्या काय?” बिबटेराव म्हणाले. “घरी जायचंय मला.”

परतीला उन्हं कलली. डाव्या बाजूने ऊन खायला उठलं म्हणून पुढच्या दोन रांगांची ताडपत्री खाली सोडली होती. मागची रांग तेवढी उघडी होती. फाटक जवळ येत चाललं. फाटकाच्या अलीकडे वनखात्याने पर्यटकांसाठी बांधलेलं स्वच्छतागृह होतं, ज्याच्या मागच्या भिंतीवरची पाण्याची नळी वर्षानुवर्षं गळत होती आणि कोणाच्याही अखत्यारीत येत नव्हती. जीप तिथून जरा पुढे आली आणि बिबटेरावांनी ठरवलं, आता किंवा कधीच नाही.

हात वर. ब्रेक असा लागला की थोरल्या मेहुणीनेसुद्धा डोळे उघडले. बिबटेराव उभे राहिले, सीटवर एक पाय देऊन, उजवीकडच्या टेकडीवर बोट रोखून. तो त्यांच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम प्रयोग होता. बोट थरथरत होतं आणि ते थरथरणं खरं होतं. डोळे विस्फारले होते, कपाळावर घाम होता. जोडप्याने फोन खाली केला. दाढीवाल्याने भिंग ताणलं. साडूंनी दुर्बीण लावली. सगळी जीप उजवीकडे कलली.

एक बायको सोडून. ती मागच्या रांगेत डावीकडे, मागे, मान वळवून बसली होती.

यात तिची काही चूक नव्हती. नवरा जिकडे बोट करील तिकडे शोधण्यात वेळ घालवायचा नाही, हे पंचवीस वर्षांच्या संसाराने तिच्या मानेला शिकवलं होतं. “ते काय, टेबलावरच आहे,” तो म्हणाला की वस्तू न्हाणीघरात सापडे. “ती बघ आपली बस,” म्हणून त्याने उजवीकडे हात केला की बस डावीकडून येऊन निघूनही जाई. बोट उजवीकडे गेलं, तिची मान डावीकडे गेली, इतकं साधं होतं ते.

बिबटेरावांना डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचा तो पाठमोरा अंबाडा दिसला आणि त्यांचं पित्त खवळलं. सगळं जग टेकडीकडे बघत होतं आणि घरचं माणूस संडासाकडे!

“अगं, तिकडे काय बघतेस?” ते दात खाऊन कुजबुजले. “इकडे बघ!”

बायकोने तोंड फिरवलं. तिचा चेहरा त्यांना कधी न पाहिल्यासारखा वाटला. तिने तोंड उघडलं, हात जरासा उचलला.

“श्श्श!” बिबटेराव म्हणाले.

तिने तोंड मिटलं. पुन्हा मागे पाहिलं. मग हळूच सरळ बसली आणि दोन्ही हात शेंगदाण्यांच्या पुडीवर ठेवले.

“पाहिला!” साडू ओरडले. “पाहिला! अहो, तो बघा, खडकामागे! कान! दोन्ही कान स्पष्ट दिसले मला!”

टेकडीवर खडक होते. कानासारखे दिसणारे दगडही पुष्कळ होते. पण आयुष्यभर कोणाच्याही सांगण्यावर विश्वास न ठेवलेला माणूस जेव्हा विश्वास ठेवायला लागतो, तेव्हा त्याला थांबवणं कठीण जातं. साडूंनी वाऱ्याची दिशासुद्धा सांगितली. दाढीवाल्याला लगेच कान दिसले. जोडप्यालाही दिसले. थोरल्या मेहुणीला फक्त एक दिसला, पण तिचे डोळे नुकतेच उघडले होते. “गेला,” बिबटेराव म्हणाले आणि सीटवर बसले. वाचलो, एवढंच त्यांच्या मनात होतं.

फाटकावर सगळे पाय मोकळे करायला उतरले. ड्रायव्हर त्यांना बोनेटपाशी घेऊन गेला.

“आज होता,” तो म्हणाला.

“होता ना. साडूभाऊंनी कान पाहिले.”

“कान नाही. तो होता. डाव्या आरशात दिसला मला. संडासाच्या भिंतीशी, नळीचं पाणी चाटत होता. वहिनींपासून घरातल्या घरात असतं ना, तेवढ्या अंतरावर.” त्याने हाताने दाखवलं. “वहिनी बघत होत्या त्याच्याकडे. तुम्ही गप्प केलंत त्यांना.”

बिबटेरावांनी वळून स्वच्छतागृहाच्या दिशेने पाहिलं. वळणामुळे इथून ते दिसतही नव्हतं.

“मग तू का नाही बोललास?” त्यांचा आवाज चिरकला.

“तुमचं बोट वर होतं,” ड्रायव्हर म्हणाला.

परतीच्या वाटेवर बिबटेराव पहिल्यांदाच रस्त्याकडे तोंड करून बसले. मागे साडूंचं अखंड चालू होतं. बायकोचा आवाज एकदाही आला नाही.

संध्याकाळी घरी चहाला शेजारी जमले. आज गोष्ट साडूंनी सांगितली आणि बिबटेरावांना कबूल करावं लागलं की माणूस मुळात चांगला सांगतो. खडक होता, कान होते, एक गुरगुर होती. “मी चाळीस वर्षं लोकांना खोटं ठरवलंय,” साडू म्हणाले, “पण या माणसापुढे हात टेकले!” असं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर बिबटेरावांच्या पाठीवर थाप मारली. याच थापेसाठी बिबटेरावांचा दोन दिवस जीव टांगणीला लागला होता. आता ती पडली, तर नुसती पाठ दुखली.

“आणि वहिनी, तुम्ही?” खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याने विचारलं. “तुम्हाला दिसला का?”

बिबटेरावांचा कप ओठांपाशी थांबला. बायको ट्रे घेऊन उभी होती.

“हे दाखवत होते तिकडे मला काही दिसलं नाही,” ती म्हणाली.

“दिसणार कसा?” साडू हसले. “मेहुणीबाई त्या वेळी संडास बघत होत्या! नवऱ्याने सगळ्यांदेखत झापलं, तरी मान वळेना!”

खोली हसून हसून लोटपोट झाली. बायकोसुद्धा थोडंसं हसली आणि ट्रे घेऊन आत गेली. त्या वेळी बिबटेरावांनी एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य त्यांच्या जिभेवर अगदी तयार होतं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं रोज परक्यांसमोर तोंड चालवलं, त्याला ते एक वाक्य घशातून बाहेर काढता आलं नाही. तेही हसले. जरा मोठ्यानेच हसले, आणि याची त्यांना तिथल्या तिथे इतकी लाज वाटली की चहा पुरा झाला नाही.

शेजारी गेले. साडू आणि थोरली मेहुणी किनाऱ्यावर फेरी मारायला गेले. बायको स्वयंपाकघरात कप विसळत होती. बिबटेराव दारात उभे राहिले, पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आले.

“कसा होता गं?” त्यांनी विचारलं.

नळ चालू राहिला. तिने कोण, काय, असं विचारलं नाही.

“बारीक होता,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं मोठा असेल. बरगड्या दिसत होत्या. एका कानाला चीर होती. पाणी पिताना डोळे मिटत होता, आपण दमून आल्यावर पितो ना, तसा. मग बघितलं माझ्याकडे. घाबरला नाही, रागावला नाही. मला वाटलं, मी तिथे आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं. मग पुन्हा प्यायला लागला.” तिने कप उपडा घातला. “मी हाक मारणारच होते तुम्हाला. मग म्हटलं, यांना काय त्याचं नवल, हे तर रोजच बघतात.”

ती हे टोचून बोलली की सरळ, बिबटेरावांना कळलं नाही. तिची पाठ त्यांच्याकडे होती. पंचवीस वर्षांत तिचा आवाज ओळखायला आपण शिकलोच नाही, हे मात्र कळलं.

“तुला एक खरं सांगू का?” ते म्हणाले.

“नका सांगू,” ती म्हणाली. तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि त्यांच्याकडे वळली. “पुन्हा ऐकायचंय का, तेवढं सांगा.”

बिबटेरावांनी मान डोलावली आणि ओट्याजवळ स्टूल ओढून बसले.